हंबीररावांचं मंजूर

गडमुडशिंगीच्या पुढं, उसाच्या शेतांतून रस्ता वळतो तिथं कसबा तारदे लागतं. या गावात एखादी गोष्ट पक्की झाली असं सांगायचं असलं, तर लोक ‘ठरलं’ म्हणत नाहीत, ‘हंबीररावांचं मंजूर पडलं’ म्हणतात. लग्न जमलं, म्हैस विकली, बांधाचं भांडण मिटलं, सगळ्याला हा एकच शिक्का.

हे हंबीरराव चौगले म्हणजे गावच्या दूध संस्थेचे जुने चेअरमन. अंगानं आडवे, मिशी भरघोस, आणि आवाज असा की तालमीत बोलले तर तिठ्यावरची कुत्री उठून बसावीत. ज्यानं आमच्याकडच्या सहकारी संस्थेची वार्षिक सभा पाहिलेली नाही, त्याला या आवाजाची किंमत कळायची नाही. समोर सभासद, मागं विरोधक, आणि विरोधकांच्या हाताशी खुर्च्या. सेक्रेटरी माइक धरून ‘विषय क्रमांक एक’ म्हणतो न म्हणतो तोच मागून कुणीतरी ‘एक मिनिट’ म्हणतं. ते एक मिनिट तासभर चालतं आणि शेवटी खुर्च्या उडतात. यावर आमच्या लोकांनी उतारा शोधून काढलाय. मागच्याचं ‘एक मिनिट’ तोंडातून बाहेर पडायच्या आत पुढून ‘मंजूर!’ अशी आरोळी ठोकायची, ती शंभर गळ्यांनी उचलायची, की विषय संपला. दोन विषयांच्या मध्ये श्वासाएवढीही फट ठेवायची नाही.

हंबीरराव ऐन तारुण्यात या कामाला लागले आणि त्याच आवाजावर चेअरमन झाले. ते एकदा सुरू झाले की अख्खा अहवाल चहा निवायच्या आत पार पडायचा. त्यांच्या पाठोपाठ दुसरी आरोळी असायची गुंडू खोताची. गुंडू त्यांचा लंगोटीयार. त्यानं जन्मात पहिलं मंजूर कधी म्हटलं नाही आणि दुसरं कधी चुकवलं नाही.

यात वाईट काही नाही, असं हंबीररावांचं प्रामाणिक मत होतं. संस्था चांगली चालली होती, दुधाचं बिल वेळेवर मिळत होतं, मग उगाच काथ्याकूट कशाला? एवढंच झालं, की इतकी वर्षं मंजूर म्हणता म्हणता विषय ऐकायची सवय साफ मोडून गेली. आणि ती मोडलीय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तर अशात गावच्या रुग्णालयाचा कारभार गावाच्या हातात आला. रुग्णालय सरकारी, आणि आजवर तिथला खिळासुद्धा वरून ठरून यायचा. यंदा मात्र सरकारनं काही निवडक रुग्णालयं मोकळी सोडली. दवाखाना सरकारचाच, औषधपाणी फुकटच, नियमही साऱ्या देशाला तेच. पण कुठला विभाग चालवायचा, कुठल्या डॉक्टरला घ्यायचं, आधी काय करायचं, हे तिथल्या समितीनं ठरवायचं. समितीत रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर राजवर्धन, नर्सांच्या वतीनं निशिगंधा सिस्टर, आणि बाकीची गावातली चारदोन माणसं. गावातली माणसं म्हटल्यावर पहिलं नाव हंबीररावांचं लागलं, आणि जिथं हंबीरराव तिथं गुंडू, हे सांगायलाच नको.

पहिल्या सभेला हंबीरराव कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले. टेबलावर चहा होता, भडंग होतं. हंबीररावांनी चिमूटभर भडंग तोंडात टाकलं आणि त्यात लसूण कमी पडलाय हे त्यांना लगेच कळलं. त्याच विचारात ते होते. डॉक्टर राजवर्धन तरुण, भला माणूस. कागद समोर धरून, शब्द न शब्द तोलून वाचत होता. ‘विषय क्रमांक एक’ झाला. मंजूर. मंजूर. दोन झाला, तीन झाला. डॉक्टर जरा गडबडला, त्यानं चष्मा सारखा केला.

“विषय क्रमांक चार,” तो म्हणाला. “आपल्या बाळंतपणाच्या डॉक्टर बाई बदलून गेल्यात. तेव्हा आपला प्रसूती विभाग पुढच्या महिन्यापासून बंद करावा, की...”

“मंजूर!” हंबीरराव गरजले.

“मंजूर!” गुंडू.

बाकीच्यांनी माना डोलावल्या. डॉक्टरच्या तोंडातला ‘की’ तसाच राहिला. त्यानं एकदा हंबीररावांकडं पाहिलं, एकदा निशिगंधा सिस्टरकडं पाहिलं, आणि हळूच कागद उलटा ठेवला. सिस्टरनं समोरच्या चहाला हातही लावला नाही. हंबीरराव मात्र भडंगाची वाटी संपवून, ‘इतक्या झटक्यात सभा हुती व्हय कुठं’ असं गुंडूला सांगत, मिशीवरून हात फिरवत बाहेर पडले.

घरी त्यांची एकुलती एक लेक क्रांती बाळंतपणाला आलेली होती. तिला चंदगडला दिलेली. जावई सौमित्र तिथं काजूच्या कारखान्यात सुपरवायझर. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. त्यामुळं क्रांती आल्यापासून घरात डिंक, खोबरं, अळीव यांचे डबे भरायला सुरुवात झाली होती आणि हंबीरराव गोठ्यातल्या म्हशीलाही दरडावून सांगत होते, की आता धारेला लाथा झाडायच्या नाहीत.

सभेनंतर दोन-तीन दिवसांनी क्रांती तपासणीला म्हणून रुग्णालयात गेली ती तोंड उतरवून परत आली. हंबीरराव सोप्यात पेपर वाचत होते. आत शालूबाई, त्यांच्या मालकीणबाई, भाकऱ्या थापत होत्या.

“आबा, प्रसूती विभाग बंद कराय लागल्यात,” क्रांती म्हणाली. “पुढच्या महिन्यापास्नं बाळंतपण हितं न्हाय. कोल्हापुरात जायचं.”

हंबीररावांनी पेपर आपटला. “कोण म्हणतंय? कुठल्या गाढवानं ठरीवलं ह्ये? गावाला इचारल्याबिगर? मी बघतोच त्येला!”

“समितीनं ठरीवलंय म्हणं.”

“समितीत काय माणसं हायत का मेंढरं?” एवढं म्हणून हंबीरराव थांबले. भडंगात लसूण कमी होता हे त्यांना आठवलं. त्याच्या आगंमागं आणखी काहीतरी होतं, तेही हळूहळू आठवायला लागलं.

क्रांती त्यांच्याकडं बघत होती. आधी तिला हसू आलं, कारण बापाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मग हसता हसताच तिचे डोळे भरून आले. “आबा, तुमी मंजूर म्हटलासा. डॉक्टर काय वाचालाल्यात त्ये तरी ऐकायचं हुतं की वो.”

आतला भाकरीचा आवाज थांबला. शालूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हाताला पीठ तसंच. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, “रेल्वेचं फाटक इसरलासा व्हय?”

हंबीरराव विसरले नव्हते. क्रांतीच्या आधी त्यांना एक मुलगा व्हायचा होता. तेव्हा गावात हे रुग्णालय नव्हतं. शालूबाईंना कळा सुरू झाल्यावर हंबीररावांनी शेजाऱ्याची जीप काढली आणि कोल्हापूरची वाट धरली. वाटेत फाटक पडलेलं. एक मालगाडी सावकाश, डबा डबा करत पुढं सरकत राहिली. हंबीरराव खाली उतरून फाटकवाल्यावर ओरडले, गाडीवर ओरडले, देवावर ओरडले. त्या दिवशी त्यांच्या आवाजाचा काही उपयोग झाला नाही. फाटक उघडलं तेव्हा मूल गेलेलं होतं. पुढं गावात रुग्णालय झालं, क्रांती तिथंच जन्मली, आणि तिला हातात घेऊन बाहेर आली होती ती तेव्हाची कोवळी, नवी नवी नोकरीला लागलेली निशिगंधा सिस्टर. त्या दिवशी हंबीररावांनी अख्ख्या दवाखान्याला साखरेचे पेढे वाटले होते, आणि सिस्टरच्या हातात साडी ठेवून ‘तू माझी थोरली लेक’ असं सगळ्यांदेखत म्हटलं होतं.

त्याच दवाखान्यातलं बाळंतपणाचं दार हंबीररावांनीच बंद केलं होतं, तेही भडंग चघळत. त्यांना जेवण गेलं नाही.

पण माणूस चेअरमन. हातपाय गाळून बसणारा नव्हे. आमच्याकडं काही बिघडलं की एक वाट ठरलेली असते, ती म्हणजे वरती जायचं. वरती म्हणजे साहेबांकडं. हंबीररावांनी दुसऱ्याच दिवशी गुंडूला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि कोल्हापुरातली शाहूपुरी गाठली. तिथं अमरसिंहांचं ऑफिस. हे अमरसिंह म्हणजे तालुक्याचे पुढारी. कुणाची बदली, कुणाचा शाळाप्रवेश, कुणाचं लग्न, सगळं त्यांच्या फोनवर अडलेलं.

“आबा, या, या. काय काम काढलं?” अमरसिंहांनी खुर्ची दिली.

हंबीररावांनी काम सांगितलं. कुणाच्या मंजुरीनं विभाग बंद झाला हे तेवढं सांगितलं नाही. अमरसिंहांना वेळ कमी आणि उत्साह फार. त्यांनी तिथंच आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्याला फोन लावला आणि हंबीररावांनाही ऐकू यावं म्हणून मोठा आवाज लावून टेबलावर ठेवला.

“साहेब,” पलीकडून अधिकारी अदबीनं बोलला, “कसबा तारदेचा कारभार आता आमच्याकडं नाही. तिथल्या समितीनं ठरवायचं असतं. आम्ही त्यात बोलूच शकत नाही. तुम्ही असं करा, समितीत कुणीतरी चौगले म्हणून आहेत, त्यांचं फार वजन आहे म्हणतात. त्यांना भेटायला सांगा.”

गुंडूनं छताकडं पाहिलं. अमरसिंहांनी फोन बंद केला, क्षणभर हंबीररावांच्या तोंडाकडं निरखून पाहिलं आणि मग त्यांना असं हसू फुटलं की बाहेर बसलेली माणसं डोकावून गेली.

“आबा,” ते डोळे पुसत म्हणाले, “वर आता कोण न्हाय. वर तुमीच. जावा, चौगल्यांचं पाय धरा.”

परत येताना रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. हंबीररावांनी मोटारसायकल बंद केली. आयुष्यभर त्यांनी सरकारच्या नावानं बोटं मोडली होती. रस्ता खराब, सरकार वाईट. दवाखान्यात सुई नाही, सरकार झोपलंय. आता बोट कुणाकडं करायचं? गाडी धडधडत निघून गेली, फाटक वर झालं, तरी ते तिथंच थांबले होते. गुंडूनं मागून पाठीला बोट लावलं तेव्हा त्यांनी गाडीला किक मारली. आणि घरी न जाता ते सरळ रुग्णालयाकडं वळले.

निशिगंधा सिस्टर डॉक्टरांच्या खोलीतच होत्या. हंबीरराव दारात आले तसं त्यांनी मान वर केली. “या पावणं,” त्या म्हणाल्या. “बसा.”

पावणं! अनोळखी माणसाला, रस्ता विचारणाऱ्याला आम्ही पावणं म्हणतो. क्रांती झाली त्या दिवसापासून सिस्टरनं हंबीररावांना आबा सोडून दुसरी हाक मारली नव्हती. दिवाळीला त्यांच्या घरी फराळाला, भाऊबीजेला, घरच्या कार्याला ती लेकीसारखी येत होती. एका शब्दात तिनं सगळं परत केलं. हंबीररावांना सभेत खुर्च्या लागल्या होत्या, एकदा तर कपाळाला टाका पडला होता. पण हे जास्त लागलं.

“डॉक्टर,” ते उभ्या उभ्याच म्हणाले, “परवाच्या सभेत तुमी ‘बंद करावा, की’ म्हटलासा. त्या ‘की’च्या फुडं काय हुतं?”

डॉक्टर राजवर्धन कसनुसा हसला. “की गावानं पुढाकार घेऊन नवीन डॉक्टर आणाव्यात. यावर चर्चा करायची होती, आबा. खरं सांगू? मला वाटलं होतं तुम्ही टेबलावर मूठ आपटून माझ्याशी भांडाल. त्यासाठीच मी तो विषय तसा मांडला होता. शाहूपुरीतल्या डॉक्टर अवंतिका यायला तयार आहेत. बाळंतपणाच्या तज्ज्ञ आहेत, त्यांना खेड्यात काम करायचंय. आता समितीला अधिकार आहे, आपण त्यांना घेऊ शकतो. पण त्यांनी मला एकच विचारलं होतं, की गावाला हा विभाग पाहिजे का. सभेनंतर मला त्यांना सांगावं लागलं, की गावानं एका आवाजात नको म्हटलं.”

“एका आवाजात,” निशिगंधा सिस्टर म्हणाल्या. “त्यो आवाज कुणाचा हुता, समद्यास्नी ठावं हाय.” इतका वेळ आवरून धरलेलं त्यांचं बोलणं आता सुटलं. “निम्म्या गावाचं पैलं रडणं मी ऐकलंय. का बंद कराय लागलाय, असं एका माणसानं इचारलं न्हाय. एकानं पण! दवाखाना वरनं बंद पडला असता तर मी मोर्चा काढला असता. पर माझ्याच माणसांनी बंद केला, तर मी जायचं कुणाकडं?”

हंबीररावांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली. “डॉक्टर, सभा बलवा,” ते म्हणाले. “आणि त्या बाईंस्नी पण या म्हणावं. माझ्या तोंडनं गेलंय, माझ्याच तोंडनं परत घेतो.”

बोलायला हे सोपं होतं. पण एकदा मंजूर म्हणजे मंजूर, यावरच तर हंबीररावांची पत होती. त्या रात्री शालूबाई त्यांना म्हणाल्या, “आता लोक हसत्याल की.”

“हसूंदेत,” हंबीरराव म्हणाले. पण त्यांना झोप लागली नाही. नामंजूर हा शब्द त्यांच्या लेखी विरोधकांचा, खुर्च्या उचलणाऱ्यांचा. तो त्यांच्या तोंडात कधी आला नव्हता. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी तो एकदा हलकेच म्हणून पाहिला. दुसऱ्याचा जोडा पायात घातल्यासारखं झालं.

सभेच्या दिवशी रुग्णालयाची खोली पुरेना. शालूबाईंनी बचत गटातल्या बायकांना नुसतं ‘येताय काय’ एवढंच विचारलं होतं. बायका तर आल्याच, शिवाय येताना सुना, लेकीही घेऊन आल्या. शेवटी टेबल-खुर्च्या बाहेर, आंब्याखाली मांडल्या. डॉक्टर अवंतिका एका बाजूला बसल्या होत्या. शहरातली बाई, साधी सुती साडी, हातात वही नाही की पेन नाही, फक्त ऐकायला आलेली. हंबीररावांनी गुंडूला बाजूला घेऊन बजावलं होतं, की आज मी तोंड उघडल्याबरोबर तू उघडायचं नाहीस.

डॉक्टरनं विषय वाचला. या वेळी शेवटपर्यंत वाचला, कुणी अडवलं नाही. मग हंबीरराव उठले. त्यांनी खाकरलं. एवढ्या माणसांसमोर त्यांचा आवाज पहिल्यांदाच साधा, घरातल्यासारखा निघाला.

“मागच्या सभंत मी मंजूर म्हटलो. न ऐकता म्हटलो. चुकलो. माझं त्ये मंजूर आता...” इथं त्यांनी टोपी सारखी केली. “नामंजूर!”

“मंजूर!” गुंडू ओरडला.

सभेत एकच हशा पिकला. बिचाऱ्याच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं होतं. “म्हंजे... नामंजूर! न्हाय, आबांचं नामंजूर मंजूर!” त्यानं सावरायला जावं आणि अधिकच अडकावं. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. डॉक्टर अवंतिकाही हसल्या, आणि त्या हसण्यानं सभा मोकळी झाली. निशिगंधा सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्या हंबीररावांकडं बघत होत्या.

“मला एक विचारायचंय,” डॉक्टर अवंतिका म्हणाल्या. “विभाग चालू ठेवायचा म्हणता. पण तुमच्यातली चार पैसे असलेली घरं बाळंतपणाला शहरातच जातात, असं ऐकलंय. मग इथं येणार कोण?”

“माझी लेक!” हंबीररावांचा जुना आवाज परत आला. “पैली माझी लेक हितं...”

“आबा, थांबा,” क्रांती मागून म्हणाली. ती पोटावर हात ठेवून सावकाश उभी राहिली. “माझं मी सांगतो की.”

हंबीरराव थांबले. तोंड उघडं होतं, ते त्यांनी मिटलं.

“मी हितंच जल्मलो,” क्रांती म्हणाली. “मला हितंच बाळंत व्हायचंय, सिस्टरच्या हातानं. पर नुस्त्या मायेवर मी यायची न्हाय. डॉक्टर असल्या तर येतो. आणि कायतर अडलंच, तर गाडी दारात तयार पायजे आणि फाटकाच्या वाटंनं न जाता पुलावरनं जाणारा डायवर पायजे. ह्ये समिती बघणार काय, त्ये आधी सांगा. मग मी येतो, आणि ह्या समद्याजणी पण येत्यात.”

यावर जे सुरू झालं त्याला हंबीररावांच्या भाषेत ‘एक मिनिट’ म्हणतात. एकीनं विचारलं, की रात्री डॉक्टर नसतील तर काय? दुसरी म्हणाली, की बाळंतिणीजवळ बसायला आलेल्या बाईनं टेकायचं कुठं? कुणीतरी पाण्याच्या टाकीचं काढलं. डॉक्टरांनी राहायचं कुठं यावर तर दोन घरांत जुंपली, कारण दोघांनाही त्या आपल्याकडंच हव्या होत्या. शेवटी गुंडूच्या माडीवरच्या खोल्या ठरल्या. चहा झाला, परत झाला. आंब्याची सावली टेबलावरून पार भिंतीवर गेली. हंबीररावांनी सगळं ऐकलं, शेवटपर्यंत ऐकलं, आणि त्यांना नवल वाटलं, की ओरडण्यापेक्षा ऐकून माणूस जास्त दमतो. अधूनमधून मंजूर शब्द त्यांच्या घशापर्यंत यायचा. ते त्यावर चहाचा घोट घ्यायचे.

शेवटी डॉक्टरनं समितीतल्या एकेकाला नाव घेऊन विचारलं. जो तो आपल्या तोंडानं, आपल्या आवाजात हो म्हणाला. निशिगंधा सिस्टरची पाळी आली तेव्हा त्यांनी नुसता हात वर केला. डॉक्टर अवंतिका म्हणाल्या, “सामान घेऊन येते.”

सभा उठल्यावर हंबीरराव सिस्टरजवळ गेले. “आता तरी बोलशील काय?”

“लई कामं हायत, पावणं,” सिस्टर म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. पण जाताना त्या जरा घुटमळल्या, असं शालूबाईंचं म्हणणं. हंबीररावांना तसं काही दिसलं नाही, आणि ते दिवसभर खट्टू होते.

क्रांतीच्या कळा सुरू झाल्या त्या सकाळी न्याहरीच्या वेळी. घरापासून रुग्णालय म्हणजे हाकेचं अंतर. तीही हाक हंबीररावांचीच असली पाहिजे असं नाही. सौमित्र चंदगडहून मिळेल त्या एसटीनं निघाला आणि दुपारच्या सुमाराला काजूची पिशवी छातीशी धरून, घामाघूम होऊन दाखल झाला. पिशवी कुणाला द्यायची हे त्याला सुचेना, तेव्हा ती गुंडूनं घेतली. दाराबाहेरच्या बाकावर हंबीरराव आणि शालूबाई बसले होते. गुंडू भिंतीला टेकून उभा होता. आतून डॉक्टर अवंतिकांचा शांत आवाज यायचा, मधूनच सिस्टरचा, ‘हां बाळा, जमतंय, जमतंय’ असा. मग क्रांतीचं ओरडणं. आवाजाच्या बाबतीत ती बापाचीच लेक होती.

लांबवर आगगाडीची शिट्टी झाली. म्हणजे तिकडं फाटक पडलं असणार. दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही. शालूबाईंनी फक्त आपला हात हंबीररावांच्या गुडघ्यावर ठेवला, आणि हंबीररावांनी त्यावर आपला ठेवला. गाडी बराच वेळ धडधडत जात राहिली. आवाज हळूहळू मागं पडला, आणि तो पुरता विरायच्या आतच आत एक बारीक, चिडका, नवा कोरा आवाज फुटला.

सौमित्र रडायला लागला. हंबीरराव उठून उभे राहिले आणि कुठं जायचं ते न कळून तिथंच उभे राहिले.

दार उघडलं. निशिगंधा सिस्टर हातात दुपट्याचं गाठोडं घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा अगदी तसा होता, जसा क्रांतीच्या वेळी, त्या कोवळ्या पोरीचा होता.

“आबा,” त्या म्हणाल्या. “नात झाली. दोघी बी ठणठणीत हायत.”

हंबीररावांनी गाठोड्यात डोकावून पाहिलं. लालबुंद, सुरकुतलेली, मुठी आवळलेली. सगळ्या जगावर रागावलेली.

“बघा नीट,” सिस्टरचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. “मंजूर हाय का, आबा?”

हंबीररावांनी तोंड उघडलं. जो आवाज तिठ्यावरची कुत्री उठवायचा, तो आला नाही. त्यांनी परत प्रयत्न केला. मिशी हलली, ओठ हलले, गालावरून पाणी ओघळून मिशीत गेलं. शब्द काही फुटेना. ते नुसतीच मान हलवत राहिले, हलवतच राहिले.

मागं काजूची पिशवी पोटाशी धरून गुंडू तोंड उघडं ठेवून तयार उभा होता. पण आबांचं पहिलं झाल्याशिवाय त्याला दुसरं म्हणता येत नव्हतं.